ताईच्या पोटाच्या दोन प्रती

खोड

पोटाच्या वरच्या मजल्यावर तीन बहिणी राहतात.

तिघी एकाच खोडातून निघतात. हे खोड बोटाच्या एका पेराहूनही आखूड. कण्याच्या पुढून खाली उतरणाऱ्या महाधमनीतून ते बाहेर डोकावतं न डोकावतं, तोच तिघी तीन दिशांना तोंडं करतात, जणू आत्ताच कडाक्याचं भांडण झालं असावं. थोरली निघते डावीकडे, प्लीहेकडे. अंगानं सगळ्यांत जाड, पण चाल अशी नागमोडी की मोकळ्या रस्त्यावरही चार जणांना धक्का देईल. मधली जाते उजवीकडे, यकृताच्या घरी. ते घर मोठं, मागण्या भरपूर, त्यामुळे मधली सदा कामात. आणि धाकटी, तिघींत बारीक, आधी जराशी वर चढते, मग वळून जठराच्या आतल्या बाकावरून, म्हणजे आतल्या वळणदार कडेवरून, खाली उतरते.

पुस्तकात यांना लांबलचक नावं आहेत. या घरगुती ओळखी साचेवाल्याच्या कारखान्यातल्या, आणि तिथे त्या इतक्या मुरल्या होत्या की एखादा प्राध्यापक मोडलेलं मॉडेल परत घेऊन आला तर रंगवाली त्यालाच विचारायची, "कोण तुटली? मधली?"

कारखाना म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत रंगवालीचं टेबल, तिचे ब्रश, आणि दोरीवर चिमट्यांनी लटकवलेली ओली यकृतं. मागच्या खोलीत साचे, मेण वितळवायची शेगडी, रबराचे डबे, तारांची भेंडोळी आणि साचेवाला. वैद्यकीय महाविद्यालयांना लागणारी पोटं इथे व्हायची. जठर मऊ रबराचं, दाबलं की आत जाणारं. त्याच्या पाठीमागे लपून बसलेलं पिवळसर, खडबडीत स्वादुपिंड. कोपऱ्यात जांभळी प्लीहा. रंगवालीच्या मते हा अवयव म्हणजे कोणाच्या अध्यात ना मध्यात, पण धक्का लागला तर घरभर रक्त. आणि या सगळ्यांमधून फिरणाऱ्या धमन्या: आत तांब्याची तार, वर लाल मेण, त्यावर लाखेचा हात.

साचेवाला ही तारेची झाडं किती वर्षं वाकवत होता हे त्यालाही सांगता आलं नसतं. त्याचे हात बोलण्याच्या नादात झाड पूर्ण करायचे. लोक बोलता बोलता शेंगा सोलतात तसं.

हीच गोष्ट नडली.

मागणी

ताई, म्हणजे साचेवाल्याची थोरली बहीण, एका दंतवैद्याच्या दवाखान्यात पुढच्या टेबलावर बसायची. घाबरलेल्या माणसांना "काही नाही हो, मुंगी चावल्यासारखं वाटेल" असं सांगण्यात तिचं आयुष्य गेलं होतं. ती स्वतः मात्र दात दुखला तरी महिनाभर लवंग धरून बसायची.

तिला दोन घासांत पोट भरल्यासारखं वाटायला लागलं तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण ती पहिल्यापासूनच चिमणीच्या चोचीनं खाणारी. मग कपडे ढगळ झाले. भावोजी शिंपी. त्यांनी न विचारता तिच्या कपड्यांच्या शिवणी आत घेतल्या. एकदा, मग पुन्हा. पुढे आत घ्यायला कापडच उरेना, तेव्हा ते मशीनवरून उठले आणि हाताला धरून तिला डॉक्टरकडे घेऊन गेले.

दिवा लावलेली नळी पोटात गेली. जठराच्या खालच्या तोंडाशी, जिथून अन्न आतड्यात उतरतं तिथे, गाठ निघाली.

रुग्णालयातल्या सर्जनबाईंची एक सवय होती. अवघड पोट उघडण्याआधी ते त्यांना हातात घेऊन बघायचं असे. फिल्म डोळ्यांना कळते, बोटांना नाही, असं त्या म्हणायच्या. म्हणून अशा रुग्णांच्या सीटीच्या फिल्म साचेवाल्याकडे यायच्या आणि त्या त्या माणसाचं पोट, त्याच्या धमन्यांसकट, तयार होऊन जायचं. ताईची फिल्म आली तेव्हा बाईंनी फोनवर विचारलं की हे काम दुसऱ्या कोणाला देता येईल का. साचेवाला म्हणाला, माझ्या बहिणीचं पोट मी परक्याच्या हाती देणार नाही. बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की बाईही परक्याच, आणि ते पोट त्यांच्याच हाती जाणार आहे.

तार अशी वाकवावी

फिल्म दिव्याच्या काचेवर लावावी.

(लावली. काचेखालचा दिवा नेहमीसारखा आधी फडफडला, मग स्थिर झाला. ताईच्या बरगड्या. लहानपणी एकदा याच बरगड्यांना गुदगुल्या केल्या म्हणून त्यानं मार खाल्ला होता.)

आधी अवयव करावेत, मग धमन्या.

(जठर. यकृत. प्लीहा. मग गाठ. गाठ त्यानं फिल्मकडे बघत, भिंग लावून, हुबेहूब केली. एका बाजूला जराशी चपटी, दुसऱ्या बाजूला मुठीसारखी. रंगवाली आत आली, गाठ बघितली आणि परत गेली.)

प्रत्येक वाक फिल्मवर बघावा आणि मगच तारेत आणावा. बघावा, आणावा. बघावा, आणावा. हात सवयीचे झाले तरी हा नियम मोडू नये.

(गाठ झाल्यावर त्याची मान त्या काचेकडे वळेना. वळवली की डोळे धमन्या सोडून पुन्हा गाठीवरच जायचे. त्यानं दिवा बंद केला. स्वतःला सांगितलं की डोळ्यांना जरा विसावा हवा. मग भेंडोळं ओढलं आणि तारा वाकवायला घेतल्या. खोड. थोरली, नागमोडी. मधली. धाकटी. हात चालत राहिले.)

प्रती दोन कराव्यात. एक जाते, एक राहते.

(दोन केल्या.)

दाखवण्याचा दिवस

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी सर्जनबाईंनी सगळ्यांना बोलावून घेतलं. टेबलावर ताईचं पोट. टेबलापलीकडे ताई, तिच्याजवळ भावोजी, दाराशी साचेवाला.

ताईनं ते जठर उचलून हातावर तोललं. इतकी वर्षं एवढ्याशा पिशवीसाठी स्वयंपाक केला का, असं तिनं नवऱ्याला विचारलं. भावोजी गाठीकडे बघत होते आणि त्यांचा अंगठा मोजपट्टी धरल्यासारखा खिशात चाळा करत होता.

बाईंनी समजावून सांगितलं. जठराचा खालचा मोठा भाग जाणार. वरचा लहान भाग राहणार, आणि तो आतड्याला जोडला जाणार. त्यासाठी जठराला रक्त देणाऱ्या धमन्या एकेक करून बांधायच्या. आतल्या बाकावर दोन: वरून येणारी धाकटी आणि खालून तिला भेटणारी मधलीची एक बारीक फांदी. बाहेरच्या मोठ्या बाकावरही दोन: एक मधलीच्या वंशातली, दुसरी थोरलीच्या. चारही बांधायच्या.

भावोजी पहिल्यांदा बोलले. सगळे धागे कापल्यावर उरलेलं कापड कशावर टिकणार, हे त्यांना कळत नव्हतं.

बाईंना हा प्रश्न फार आवडलेला दिसला. त्यांनी मॉडेल फिरवलं आणि जठराच्या वरच्या कोपऱ्यात, प्लीहेजवळ, थोरलीकडून येणाऱ्या चार-पाच आखूड तारा दाखवल्या. उरलेला तुकडा यांच्यावर जगतो, त्या म्हणाल्या. जठरासारखा समजूतदार अवयव नाही. चार दारं बंद झाली तरी तो पाचव्या दारानं घर चालवतो. यकृत मात्र तसं नाही, त्याला आपलं रक्त आपल्या वाटेनंच हवं. भावोजींनी मग शिवणीला माया किती ठेवणार, दुहेरी टीप घालणार का, दोरा कुठला, असं बरंच विचारलं, आणि बाईंनी एकेका प्रश्नाचं उत्तर दिलं. ताईनं दोघांकडे आळीपाळीनं बघून म्हटलं की आता मापं घेऊन झाली असतील तर तिला जरा पडू द्या.

निघताना बाईंनी अंगठा आणि बोट यांच्या चिमटीत धाकटी धरली, अगदी खोडालगत. "हिला इथे, मुळाशीच बांधायची. म्हणजे शेजारच्या लसीका-ग्रंथीही सोबत निघतात, रोग पसरतो तो त्यांच्यातूनच. सरळ मामला दिसतोय."

साचेवाल्याला बरं वाटलं. अभिमानच वाटला म्हणा ना. त्या चिमटीकडे बघून त्यानं मान डोलावली.

दोन तारा

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईला आत नेलं. स्ट्रेचरवरून जाताना तिनं साचेवाल्याला हुकूम सोडला: "ठोंब्या, असं सुतकी तोंड घेऊन इथे बसू नकोस. जा, कामाला लाग. तू बाकावर बसून काही माझी गाठ निघणार नाही." ठोंब्या हे नाव तिनंच ठेवलेलं, आणि घरात त्याला दुसरं नाव उरलेलं नव्हतं.

कारखाना दोन गल्ल्या सोडून होता. तो गेला. एका महाविद्यालयाची साधी मागणी पडलेली होती: नेहमीची, पुस्तकाबरहुकूम धमन्यांची झाडं. त्यानं शेगडी पेटवली, तार घेतली, एक झाड वाकवलं, गरम लाल मेणात बुडवलं आणि निथळायला आकड्यावर टांगलं.

शेजारच्या आकड्यावर ताईची दुसरी, नुसत्या धमन्यांची प्रत होती. राहिलेली.

खिडकीतून ऊन येत होतं आणि समोरच्या भिंतीवर दोन्ही झाडांच्या सावल्या पडल्या होत्या. तो हात पुसायला वळला, आणि वळताना त्याला त्या सावल्या दिसल्या. एक हलत होती, एक स्थिर. हलणारी स्थिरावली आणि दोन्ही एकमेकींवर बसल्या. वाक वाकावर. फांदी फांदीवर. दोन दिसेनातच. एकच दिसायला लागली.

पहिल्यांदा त्याला काहीच वाटलं नाही. उलट, हात अजून शाबूत आहे असं वाटलं.

मग हात पुसायचे राहूनच गेले.

कारण कुठल्याही दोन माणसांची झाडं अशी जुळत नाहीत. सख्ख्या भावांचीही नाहीत. इतकी पोटं त्याच्या हाताखालून गेली होती: कोणाची मधली दोन ठिकाणांहून यायची, कोणाची थोरली भलतीच सरळ, कोणाचं खोडच दुभंगलेलं. पुस्तकातलं झाड हा नुसता नमुना असतो. आणि त्यानं ताईला तो नमुना दिला होता. ताईचं पोट करायला बसला आणि हातांनी भलत्याच कोणाचं तरी केलं, जी बाई कधी जन्मालाच आली नव्हती तिचं.

ताईची फिल्म अजून काचेवरच होती. त्यानं दिवा लावला. फडफड. स्थिर.

या खेपेला त्यानं गाठीवरून नजर ओढून काढली आणि खोड शोधलं. थोरली, ठीक. मधली, ठीक. मधली यकृताच्या उजव्या भागात शिरत होती, आणि तिथेच संपत होती. डावीकडे जाणारी फांदी तिला नव्हतीच. मग यकृताच्या डाव्या भागाला रक्त कोण देतं? त्यानं भिंग लावलं. धाकटी जराशी वर चढली होती आणि वळण्याआधी तिच्यातून एक फांदी फुटली होती. ती तिरकी, जठर आणि यकृत यांच्यामधल्या पातळ पडद्यातून, थेट यकृताच्या डाव्या भागात. चांगली ठसठशीत फांदी. आंधळ्यालाही दिसेल अशी, दिवा लावला असता तर.

ताईची धाकटी मधलीचं अर्धं घर सांभाळत होती.

आणि सर्जनबाई तिला मुळाशी बांधणार होत्या.

लाल

त्यानं रुग्णालयात फोन लावला. बाई शस्त्रक्रियेच्या खोलीत आहेत, निरोप असेल तर सांगा, असं पलीकडून सांगण्यात आलं. धाकटीची फांदी डाव्या यकृताला जाते, असं तो म्हणाला. कुठल्या वॉर्डमधली धाकटी, असं पलीकडून विचारण्यात आलं. त्यानं फोन ठेवला, फिल्म काचेवरून ओढून काढली आणि तसाच निघाला. रंगवालीनं मागून काहीतरी विचारलं, पण तोवर तो रस्त्यावर होता.

ॲप्रन अंगावरच. हात कोपरापर्यंत लाल.

ही गोष्ट त्याच्या ध्यानात नव्हती. दुकानदार पायऱ्यांवरून मागे का सरतायत, समोरून येणारी बाई मुलाला पोटाशी का धरतेय, हे कळायला त्याच्याकडे सवड नव्हती. रुग्णालयाच्या दाराशी रखवालदारानं त्याला दंडाला धरलं आणि अपघात विभागाकडे वळवलं. तो नको नको म्हणत होता, आणि जखमी माणसं तसंच म्हणतात हे रखवालदाराला अनुभवानं माहीत होतं. एका नर्सनं त्याला खाली बसवलं, हात वर धरायला सांगितलं आणि कापूस घेऊन जखम शोधू लागली. कापसाला मेण चिकटलं. तिनं वास घेतला.

"हे काय लावलंय?"

"मेण आहे," तो म्हणाला. "धमन्यांचं."

नर्सनं त्याच्याकडे असं बघितलं की आता याला कुठल्या विभागात पाठवावं हा प्रश्न तिच्या चेहऱ्यावर वाचता आला. पण फिल्म बघून ती थांबली. त्यानं श्वास घेतला आणि एका वाक्यात, घरगुती नावं सोडून, पुस्तकातल्या शब्दांत सगळं सांगितलं. आत जी बाई आहे तिच्या डाव्या यकृताची धमनी डाव्या जठर-धमनीतून निघते, मॉडेलमध्ये ती नाही, मॉडेल मी केलंय, आणि मी चुकलोय.

नर्स उठली, फिल्म घेतली आणि निघाली. ती पळाली नाही, पण तिच्या पाठीमागे दार बराच वेळ हलत राहिलं.

बाक

भावोजी शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेरच्या बाकावरच होते. मांडीवर एक जुना सदरा घेऊन त्याला बटण लावत होते. ते बटण त्यांनी बहुधा आधी स्वतःच उसवलं असावं.

साचेवाला शेजारी बसला. भावोजींनी त्याच्या हातांकडे बघितलं, मग पुन्हा सदऱ्याकडे.

सांगावं की न सांगावं.

सांगितलं. थोडक्यात सांगितलं, तरी बराच वेळ लागला. भावोजींची सुई थांबली नाही. आत, बाहेर. आत, बाहेर. ऐकून झाल्यावर त्यांनी दोरा दातानं तोडला आणि शांतपणे विचारलं की यकृताचा तो डावा भाग रक्ताविना राहिला तर काय होतं. साचेवाल्यानं खरं उत्तर दिलं.

भावोजी म्हणाले, त्यांनी एकदा एका गिऱ्हाइकाचा कोट शिवला. कापड भारी. आणि माप लिहून घेतलेलं असताना, नजर चुकून, स्वतःच्याच मापाचा कापला. इतकी वर्षं स्वतःचे कपडे कापलेले, कात्रीला तीच वाट ठाऊक.

मग काय झालं, असं साचेवाल्यानं विचारलं.

"मग काय होणार? तो कोट घालायला आला, आणि त्याला तो झाला नाही. घालून बघतोच ना माणूस." भावोजींनी सदरा घडी करून ठेवला. "बाईही बघतील."

हे त्यांनी ज्या आवाजात म्हटलं त्यावरून त्यांचा स्वतःचाही त्यावर पुरता विश्वास नव्हता हे कळत होतं. पण त्यांनी साचेवाल्याच्या लाल हातावर आपला हात ठेवला, आणि मेण लागेल याची पर्वा केली नाही.

समोरच्या दारावरचा दिवा पेटलेलाच होता.

एक बाई येऊन फरशी पुसून गेली.

साचेवाल्याच्या डोळ्यांपुढे ती चिमटी होती. खोडालगत, अंगठा आणि बोट. सरळ मामला. तो ती चिमटी मनातल्या मनात उघडत होता आणि ती पुन्हा पुन्हा मिटत होती.

दार उघडलं. तीच नर्स. तोंडावरचा मास्क तिनं हनुवटीखाली ओढला, आणि ती हसत होती हे आधी दिसलं, शब्द मागून आले. निरोप बाईंच्या कानावर घातला, ती म्हणाली. त्यांना माहीत आहे. जठर-यकृतामधला पडदा समोर आला तेव्हाच त्यात नाडीसारखं काहीतरी उडतंय हे बोटाला लागलं होतं, आणि भिंतीवर लावलेल्या त्यांच्याकडच्या फिल्मच्या प्रतीत बघून त्यांनी खात्रीही केली होती. धाकटी मुळाशी बांधलेली नाही. फांदी सुटते त्याच्या पुढे बांधली आहे, आणि शेजारच्या लसीका-ग्रंथी तिच्या अंगावरून हलक्या हातानं सोडवून घेतल्या आहेत. बांधण्याआधी तिथे नुसता चिमटा लावून यकृताचा रंग बघतात. नेहमीच बघतात.

"रंग?" साचेवाल्यानं विचारलं.

"होता तसाच आहे."

साचेवाल्याचा जीव भांड्यात पडला. इतका आवाज करत पडला की त्याला वाटलं, शेजारच्यांनाही ऐकू गेला असेल. भावोजी उठले, दोन पावलं चालले, पुन्हा येऊन बसले, आणि नुकतंच लावलेलं बटण पुन्हा घट्ट आहे का ते ओढून बघू लागले.

झापणी

बाई बाहेर आल्या तेव्हा दुपार झाली होती. गाठ पूर्ण निघाली, त्या म्हणाल्या. कापलेल्या कडा स्वच्छ दिसतायत, बाकी तपासणीत कळेल. उरलेलं जठर छान गुलाबी आहे, आखूड फांद्या आपलं काम करतायत, प्लीहेला धक्काही नाही. शिवण दुहेरी आहे, असं त्यांनी भावोजींना मुद्दाम सांगितलं.

मग त्या साचेवाल्याकडे वळल्या. रबराचं पोट बघून कोणी खरं पोट कापत नाही, तेव्हा त्यानं उगीच स्वतःला मोठं समजू नये. पण मॉडेल चुकलं ते चुकलंच, आणि आदल्या दिवशी त्या स्वतः ते बघून फसल्या होत्या, हेही त्यांनी मोकळेपणानं सांगितलं. यापुढे नात्यातलं काम घ्यायचं नाही. घ्यायचंच झालं तर दिवा बंद करायचा नाही.

दिव्याचं यांना कसं कळलं, हे त्याला कधीच समजलं नाही. त्यानं मान खाली घालून हो म्हटलं. इतक्या आनंदानं झापून घेणारा माणूस बाईंनीही बहुधा पहिल्यांदाच बघितला.

वारा

आता सगळं एकाच गोष्टीवर अडलं होतं, आणि ती गोष्ट चारचौघांत बोलण्यासारखी नव्हती.

पोट उघडलं की आतडी रुसतात. हलायची थांबतात. ती पुन्हा चालू झाली हे कळायची साधी खूण म्हणजे वारा सरणं. तोवर पोटात अन्न नाही, पाणी नाही, हाताला सलाईन आणि नाकात नळी. बाई येऊन पोटाला कान लावल्यासारखा स्टेथोस्कोप लावायच्या आणि विचारायच्या: सरला का? नर्स विचारायच्या: सरला का? शेजारच्या खाटेवरची म्हातारीसुद्धा उठल्याबरोबर विचारायची. भावोजींनी एक सभ्य मार्ग काढला होता. ते दारातूनच विचारायचे, "काही बातमी?"

ताईला हे सगळं मेल्याहून मेल्यासारखं. आयुष्यभर दवाखान्यात पुढच्या टेबलावर नीट भांग पाडून बसलेली बाई. ती डोळे मिटून घ्यायची आणि नाही अशी मान हलवायची. यकृताच्या चाचण्या रोज चांगल्या येत होत्या, तपासणीतही कडा स्वच्छ निघाल्या होत्या, पण वारा काही सरत नव्हता. आणि जसजसे दिवस जात होते तसतसा बाईंचा कान पोटाशी जास्त वेळ राहत होता. हे साचेवाल्याच्या नजरेतून सुटलं नाही.

त्या दुपारी खाटेजवळ तो एकटाच होता. ताईचे ओठ कोरडे पडले होते. त्यानं ओल्या कापसानं ते टिपले. तिला काहीच माहीत नव्हतं. भावोजींनी ते पोटात ठेवलं होतं, बाईंनीही. आत्ता सांगायची वेळ नव्हती. बरी होऊन घरी आल्यावर सांगायचं असं त्यानं ठरवलंही होतं. पण तिनं विचारलं की माझं पोट मॉडेलसारखंच निघालं का, आणि त्याला खोटं बोलता येईना.

त्यानं सांगितलं. गाठीकडे बघवेना म्हणून दिवा बंद केला. हातांनी नेहमीचं झाड वाकवलं. तुझी एक फांदी राहिली. तुझ्या पोटात जे आहे ते मी केलंच नाही, पुस्तकात असतं ते केलं. जिथे काहीच वाकडं नसतं, काहीच कमी-जास्त नसतं, तसं.

ताईनं नजर छताकडे वळवली. त्याला वाटलं, ती रडेल. किंवा तोंड फिरवेल.

"म्हणजे," ती नाकातल्या नळीमुळे गेंगाण्या आवाजात म्हणाली, "तुझ्या मते माझ्यात खोट नाही."

"ताई, मी खरंच—"

"जन्मभर म्हणत आलास ठोंब्या, ताई काडी, ताईचं नाक मोठं, ताईला पदार्थ जमत नाहीत. आणि एकदाच कौतुक केलंस, ते माझ्या धमन्यांचं. तेही चुकून."

तिला हसू फुटलं. टाक्यांवर हात दाबून ती हसू नको हसू नको असं स्वतःलाच सांगत होती. हसवू नकोस मेल्या, सगळी शिवण उसवेल, तुझे भावोजी मला घरीच टीप मारत बसतील. त्यावर तोही हसला. मग तिच्या चेहऱ्यावरचं हसू एकदम थांबलं. डोळे मोठे झाले. आतून काहीतरी ऐकू येत असावं तशी ती स्तब्ध झाली.

आवाज मोठा नव्हता. पण खोलीत दुसरा आवाज नव्हता.

शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीनं दोन्ही हात वर उचलले आणि देवाचे आभार मानले. नर्स दारातच होती. ती आत न येता तशीच बाईंना सांगायला वळली, आणि वळताना भावोजींना धडकली. भावोजींना यावेळी काही विचारावं लागलं नाही. त्यांनी साचेवाल्याकडे बघितलं, साचेवाल्यानं मान डोलावली, आणि भावोजी खाटेच्या पायथ्याशी बसून पांघरुणाचा कोपरा नीट करत राहिले, जो आधीच नीट होता.

ताई पांघरुणात तोंड लपवून होती. खांदे हलत होते. हसत होती की लाजत होती, कळायला मार्ग नव्हता.

थोड्या वेळानं बाईंच्या परवानगीनं नळी निघाली आणि नर्स पाणी घेऊन आली. एकच चमचा. ताईनं तो तोंडात धरून ठेवला, मग गिळला. साचेवाल्याची नजर तिच्या गळ्यावरून खाली उतरली, जणू पाणी कुठवर गेलं ते त्याला बाहेरून दिसणार होतं. अन्ननलिका, उरलेली लहानशी पिशवी, नवी शिवण, पुढे आतडं. तिघी बहिणी आपापल्या वाटेनं कामात असतील. धाकटी आता नुसतं मधलीचं अर्धं घर सांभाळत असेल.

"बघतोस काय असा?" ताई म्हणाली. "पाणीच आहे. आण अजून एक चमचा."